परमुलखातील नाटकाची रात्र

नोकरीच्या निमित्ताने दूर देशी राहणाऱ्या माणसाला आपण परके आहोत याची जाणीव केव्हा होते, असे विचारले तर निरनिराळी उत्तरे मिळतील. कोणी म्हणेल, बाजारात भाजीवालीशी भाव करताना. कोणी म्हणेल, आजारपणात डॉक्टरला दुखणे सांगताना. माझा अनुभव निराळा आहे. बाजारातील देवघेव बोटांच्या खुणांवर भागते, आणि दुखणे बरेचसे चेहऱ्यावर उमटलेलेच असते. खरा परकेपणा जाणवतो तो भरल्या नाट्यगृहात. सभोवारची पाचसहाशे माणसे एकदम हसतात आणि आपण तेवढे, काहीतरी हरवल्यासारखे, इकडेतिकडे पाहत बसतो. रडणे भाषेवाचून कळते. हसणे कळत नाही.

हा अनुभव मला गेल्या मार्गळी महिन्यात आला. आमचे बिऱ्हाड चेन्नईच्या दक्षिणेस वेलचेरी येथे आहे. दंडीश्वराच्या देवळातील चोळकालीन शिलालेखांमुळे हे गाव जुने म्हणून ओळखता येते. एरवी तळ्याच्या काठापर्यंत सरकत आलेल्या इमारतींच्या गर्दीत त्याचे गावपण शोधावेच लागते. पल्लिकरणैच्या दलदलीचा शेजार असल्यामुळे पाऊस जरा जोराचा झाला की येथील रहिवाशांची नजर प्रथम जिन्याच्या खालच्या पायरीकडे जाते. २०१५ सालचा पूर अजून कोणी विसरलेले नाही. अशा या वस्तीत केंद्र सरकारच्या निरनिराळ्या कचेऱ्यांत काम करणारी आम्ही काही मराठी कुटुंबे राहतो. दरवर्षी दिवाळीनंतर एखादे छोटे नाटक करण्याचा आमचा परिपाठ होता. यंदा तो बंद करावा असे ठरत आले होते. तालमींना माणसे जमत नाहीत, सभागृहाचे भाडे परवडत नाही, आणि मुख्य म्हणजे ज्या मुलांसाठी हा खटाटोप करायचा त्या मुलांना मराठी विनोद कळत नाहीत, ही त्यामागची कारणे. नाटक बंद करण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांत मीही होतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

याच सुमारास आमच्या कचेरीतील एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी मैलापुरातील एका सभेत होणाऱ्या नव्या विनोदी तमिळ संगीत नाटकाची चार तिकिटे माझ्या टेबलावर आणून ठेवली. हे गृहस्थ तंजावरकडचे ‘राव’. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात. पण ती मराठी आपल्या कानांना प्रथम अनोळखी वाटते. तिचे उच्चार, तिचे हेल आणि तिच्यातील कित्येक शब्द तीनशे वर्षांपूर्वी घर सोडून निघालेल्या भाषेचे आहेत, आणि वाटेत तिने तमिळचा पुष्कळ शिधा घेतला आहे. ते, मी, सौभाग्यवती आणि आमची नऊ वर्षांची कन्या असे चौघे वेलचेरीहून लोकलने तिरुमयिलैस उतरलो. सभेच्या आवारातील उपाहारगृहात कीरै वडा आणि कापी यांचा समाचार घेऊन आम्ही आत जाऊन बसलो.

नाटकाची कथा साधीच होती. एका इमारतीतील दोन भाडेकरू, एक घरमालक, त्याची लग्नाची मुलगी, आणि या सर्वांची गुपिते जाणणारा एक पहारेकरी. हा पहारेकरीच प्रेक्षकांशी बोलत होता, पात्रांची ओळख करून देत होता आणि त्यांची थट्टाही करीत होता. गाणी प्रत्यक्ष वाजणाऱ्या पेटीच्या आणि मृदंगाच्या साथीवर होती. सहा वर्षांत कानावर पडलेल्या तमिळच्या बळावर मी कथानकाचा धागा धरून होतो. पण विनोद आला की धागा सुटे. कोटी होई, हशा उसळे, आणि मी मागे राही. मग शेजारून कन्या माझ्या कानाशी लागून मराठीत अर्थ सांगे. तिला सर्व कळत होते. बापाला मुलीने विनोद समजावून द्यावा, यात कौतुक किती आणि विषाद किती, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही. ही मुलगी तमिळ विनोदाला हसते आणि मराठी विनोदाला हसत नाही. मग आमच्या नाटकाचा प्रपंच हवा कशाला, हा माझाच युक्तिवाद मला त्या क्षणी फार कडू वाटला.

दुसऱ्या अंकात घरमालक आणि भाडेकरू यांच्या भांडणाचे एक गाणे होते. ते सुरू होताच राव एकदम सरसावून बसले आणि हळूच म्हणाले, “ओळखलंत का? ही साकी आहे. आमचे आजोबा कथेत म्हणत.” मी कान देऊन ऐकले. शब्द तमिळ होते, ताल या प्रांताचा होता. पण चाल लहानपणी कीर्तनात आणि नाटकात ऐकलेली, ओळखीची होती. त्या रात्री परत येताना गाडीत आम्ही दोघे त्या एका साकीबद्दलच बोलत होतो, आणि पुढे बरेच दिवस मी तिच्या मागावर होतो. त्या शोधात जे हाती आले, त्यातील बरेचसे जाणत्यांस ठाऊक असेल. पण आपल्यासारख्या बदलीवर राहणाऱ्या मंडळींच्या दृष्टीने ते एका ठिकाणी मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मराठी रंगभूमीचा आरंभ आपण १८४३ सालापासून धरतो. त्या वर्षी ५ नोव्हेंबर रोजी सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, आणि म्हणूनच तो दिवस रंगभूमिदिन म्हणून पाळला जातो. परंतु त्या प्रयोगाचे निमित्त आपण बहुधा विसरतो. त्याच्या आदल्या वर्षी उत्तर कानड्यातील करकी गावची भागवत मंडळी सांगलीस आली होती आणि संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी त्यांचा कानडी खेळ पाहिला होता. त्या खेळात सोंगे होती, आरडाओरड होती, गाणे होते. तो पाहून, असेच काही पण अधिक नेटके मराठीत करावे, असे राजेसाहेबांच्या मनात आले आणि त्यांनी आपल्या पदरच्या भाव्यांना ते काम सांगितले. म्हणजे मराठी रंगभूमीच्या जन्माच्या आधी परभाषेतील नाटकाची एक रात्र आहे.

सांगलीच्या या प्रयोगापूर्वी दीडशे वर्षे मराठी नाटक अस्तित्वात होते, आणि तेही आपण जेथे आज राहतो त्या तमिळ मुलखात. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात तंजावरची गादी घेतली. त्यांचे पुत्र शाहजी यांनी १६८४ पासून १७१२ पर्यंत तेथे राज्य केले. मराठ्यांच्या इतिहासात ही वर्षे धामधुमीची. महाराष्ट्रात औरंगजेबाची छावणी पडलेली, संभाजीराजांचा वध झालेला, राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यात अडकलेले. त्याच काळात कावेरीच्या काठी हा भोसलेकुळातील राजा नाटके लिहीत होता. त्याच्या नावावर ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ यांसारखी मराठी नाटके आहेत. तेलुगूत ‘पल्लकीसेवाप्रबंध’ आहे, आणि तिरुवारूरच्या त्यागेशावरील पदे आहेत. त्याच्या आधीच्या नायक राजांच्या दरबारात तेलुगू यक्षगानाची परंपरा भरभराटीस आलेली होती. शाहजीने ती मोडली नाही. तिच्यात तो स्वतः जाऊन बसला, तिची रीत शिकला आणि त्या रीतीने आपल्या भाषेत लिहू लागला. म्हणून त्या मराठी नाटकांत ‘दरु’ नावाची दाक्षिणात्य गीते येतात, राग आणि ताल दक्षिणेचे येतात, आणि आरंभी पात्राची वर्दी देणारा येतो तोही तमिळ कूत्तूमधल्या कट्टियक्कारनाचाच भाऊबंद. हा कट्टियक्कारन म्हणजे चोपदार आणि विदूषक एकाच अंगरख्यात. मैलापुरात आम्ही पाहिलेला पहारेकरी त्याच वंशातला.

शाहजीच्या नाटकांपैकी दोन आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहेत. पहिले ‘पंचभाषाविलास’. त्यात कृष्णावर अनुरक्त झालेल्या निरनिराळ्या देशींच्या नायिका आपापल्या भाषेत बोलतात. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी या पाचही भाषा एका रंगमंचावर नांदतात. असे नाटक लिहिणे एक वेळ सोपे. पण ते पाहून हसणारा प्रेक्षक मिळणे कठीण. तो तंजावरास होता, असाच याचा अर्थ. दुसरे ‘सतीदानशूर’. हे तेलुगूत आहे आणि विनोदी आहे. मन्नारगुडीच्या विष्णूच्या उत्सवास आपल्या शिष्यासह गेलेला एक ब्राह्मण एका अंत्यज स्त्रीवर भाळतो. शिष्य गुरूला शास्त्र सांगू लागतो आणि गुरू त्याच शास्त्राच्या आधारे आपला मोह समर्थनीय ठरवू पाहतो. गुरुशिष्यांच्या भूमिकांची ही उलटापालट हाच त्या नाटकाचा विनोद. या भटजींचे नाव मोरोभट्टलू, म्हणजे आपल्याकडचे मोरोभटच. राज्यकर्ता मराठी, भाषा तेलुगू, उत्सव तमिळ देशातील देवाचा, आणि ज्याची थट्टा करायची तो आपल्याच नावाचा! परमुलखात सत्ता घेऊन आलेल्या माणसाने आपल्या माणसाला हास्यास्पद करून लोकांपुढे उभे करावे, याला मनाचा मोठेपणा लागतो. किल्ले आणि खजिने यांच्या हिशेबात असल्या गोष्टींची नोंद होत नाही; परंतु हे राज्य तेथे पावणेदोनशे वर्षे टिकले त्याच्या कारणांत ती धरावी, असे माझे नम्र मत आहे.

पुढे १७९८ ते १८३२ या काळात दुसरे सरफोजी गादीवर होते. त्यांचे काही शिक्षण या मद्रास शहरातच पाद्र्यांच्या देखरेखीखाली झाले होते. त्यांच्या नावे असलेली ‘देवेंद्रकुरवंजी’ ही मराठीतील मोठी गमतीची रचना आहे. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगत फिरणारी डोंगराळ भागातली स्त्री. तिच्या तोंडून आपल्या गावाचे, डोंगराचे आणि देवाचे वर्णन करविणे हा तमिळ नाटकांचा जुना संकेत. सरफोजींनी तिच्या तोंडी साऱ्या पृथ्वीचा भूगोल घातला. तिच्या गाण्यात दूरदूरचे खंड आणि देश येतात. इंग्रजी पद्धतीचे ज्ञान, तमिळ नाट्यरूप आणि मराठी भाषा यांची ही त्रिवेणी. तिच्यात करमणूक आणि शाळा एकत्र नांदतात.

मग ही रंगभूमी गेली कोठे? हा प्रश्न मला फार दिवस छळत होता, कारण तो आमच्या वेलचेरीच्या नाटकाचाही प्रश्न होता. १८५५ साली तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी निपुत्रिक वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले. दरबार गेला, त्याबरोबर दरबाराचे नाटकही गेले. पोथ्या सरस्वती महालाच्या कपाटांत राहिल्या, आणि महाराष्ट्रातील अभ्यासकांचे लक्ष त्यांच्याकडे वळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. सांगलीवरही असाच प्रसंग ओढवला होता. चिंतामणराव १८५१ साली निवर्तले आणि भाव्यांचा राजाश्रय सुटला. परंतु भाव्यांनी आपली मंडळी घेऊन गावोगाव फिरण्यास आरंभ केला, १८५३ मध्ये मुंबईस खेळ केले, आणि राजाच्या जागी तिकीट काढून येणारा प्रेक्षक आणला. चार वर्षांच्या अंतराने दोन रंगभूमींचा आधार तुटला. एक रस्त्यावर उतरली आणि जगली, दुसरी कपाटात गेली. सांगलीच्या नाटकामागे मराठी बोलणारी गावेच्या गावे होती. तंजावरच्या नाटकामागे मूठभर मराठी घरे होती. एवढ्यावरून उत्तर सरळ दिसते, आणि आमच्या बैठकीत मी तेच दिले होते: प्रेक्षक नाही, तर नाटक कशाला?

पण रावांच्या त्या साकीने हे उत्तर अपुरे ठरविले. तंजावरचे मराठी नाटक कपाटात गेले तरी मराठी गाणे कपाटात गेले नाही. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर आदी मराठी कीर्तनकारांची कीर्तने तंजावरास होत असत. त्यांची रीत तेथील कृष्ण भागवतरांनी उचलली आणि तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. त्या कथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते आणि चाली जशाच्या तशा आल्या आणि आजही हरिकथा करणारे त्या याच नावांनी ओळखतात. त्याच शतकाच्या उत्तरार्धात तंजावरचे गोविंदस्वामी राव या मराठी गृहस्थांनी ‘मनमोहन’ नावाची नाटक कंपनी काढून तमिळ नाटके गावोगाव नेली. घरात मराठी, रंगमंचावर तमिळ. आपल्या पूर्वजांचा राजा तेलुगूत नाटक लिही, हे पाहता त्यांनी काही जगावेगळे केले असे नाही.

याच सुमारास धारवाडकडील एका नाटक मंडळीचा आंध्रात दौरा झाला. राजमहेंद्री येथे त्यांनी घातलेल्या मांडवाचा उपयोग करून १८८० साली कंदुकूरी वीरेशलिंगम् यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून तेलुगू नाटके करविली, आणि आधुनिक तेलुगू रंगभूमीच्या इतिहासात त्या मांडवाला मानाचे स्थान आहे. पुढे १८९१ मध्ये बल्लारीकडील धर्मवरम् कृष्णमाचार्युलू यांच्या मंडळीने मद्रासेत तेलुगू नाटके केली. ती पाहणाऱ्यांत एक अठरा वर्षांचा तरुण होता. तमिळ नाटकाला तोवर कमी लेखणारा हा तरुण ते खेळ पाहून इतका भारला की त्याने त्याच वर्षी मित्रांसह ‘सुगुणविलास सभा’ स्थापन केली. हेच पम्मल संबंद मुदलियार. ज्या पम्मल गावावरून त्यांचे नाव पडले ते आमच्या वेलचेरीपासून फार दूर नाही. ते पुढे वकील झाले, न्यायाधीशही झाले, आणि कचेरीचे काम सांभाळून आयुष्यभर नाटके लिहीत आणि करीत राहिले. धनी आणि नोकर यांचे नाव एकच असल्यामुळे उडणाऱ्या घोटाळ्यांवरचे त्यांचे ‘सभापती’ हे विनोदी नाटक इतके लोकप्रिय झाले की १९४१ मध्ये त्याचा चित्रपट निघाला. येथेही पुन्हा तेच: परभाषेतील नाटकाची एक रात्र, आणि मग आपल्या भाषेतील आरंभ.

आता पुण्याकडे वळू. ज्या रात्रीचे ऋण आपणा सर्वांवर सर्वांत मोठे आहे ती १८८० सालची. अण्णासाहेब किर्लोस्कर तेव्हा सदतीस वर्षांचे होते. जन्म १८४३ चा, म्हणजे ‘सीतास्वयंवरा’च्याच वर्षीचा, गाव बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर, कानडी मुलखातले. शिक्षकी करून झाली होती, आणि आता ते रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीस होते. कचेरीच्या निमित्ताने पुण्यास मुक्काम असताना त्यांनी एका पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’ हा उर्दू संगीत खेळ पाहिला, असे नाट्येतिहासात सांगतात. लखनौच्या अमानतची ही रचना. तिच्यात गाणे पात्राच्याच तोंडी होते. भाव्यांच्या पद्धतीत गाणे सूत्रधाराकडे असे. पात्रांनी स्वतः गावे असे नाटक मराठीत का नसावे, हा विचार घेऊन हा कचेरीतला माणूस बिऱ्हाडी परतला आणि कालिदासाचे ‘शाकुंतल’ मराठीत उतरवू लागला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्याचा पहिला प्रयोग झाला. तो संपूर्ण नाटकाचा नव्हता. पहिल्या चार अंकांचाच होता.

‘शाकुंतल’ झाले तरी ते कालिदासाचे होते. अण्णासाहेबांची स्वतःची मुद्रा उमटली ती ‘सौभद्रा’वर. त्याचा पहिला प्रयोग १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यास पूर्णानंद नाट्यगृहात झाला. तोही केवळ तीन अंकांचा. सगळे पाच अंक रंगमंचावर येण्यास १८८३ साल उजाडले. कथा महाभारतातील असली तरी नाटक अगदी घरगुती आहे. बहिणीचे लग्न परस्पर ठरवून बसलेला तापट थोरला भाऊ, सर्व काही ठाऊक असून साळसूदपणे वावरणारा धाकटा भाऊ, संन्याशाच्या वेषात घरात शिरलेला प्रियकर, आणि त्या संन्याशाच्या सेवेस खुद्द थोरल्या भावानेच नेमून दिलेली बहीण! देवादिकांची नावे काढून टाकली तर ही कोणत्याही वाड्यातील गोष्ट ठरेल. साकी, दिंडी, कामदा असल्या कीर्तनातील ओळखीच्या चालींबरोबर गुर्लहोसूरकडच्या कानडी पदांच्या चालीही त्यांनी या नाटकात मुक्तपणे घेतल्या. जे गाणे आपण आज अस्सल मराठी म्हणून डोळे मिटून ऐकतो, त्यातील कित्येकाचे आजोळ कानडी आहे. भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्यातून सुभद्रेची पदे महाराष्ट्रभर गेली, तेव्हा कोणी त्या चालींचा गाव विचारला नाही.

अण्णासाहेबांना पुढे फार आयुष्य लाभले नाही. ‘रामराज्यवियोग’ अपुरे टाकून ते १८८५ च्या नोव्हेंबरात, बेचाळीस वर्षांचे असताना, निवर्तले. पहिला पडदा उघडल्यापासून जेमतेम पाच वर्षे त्यांना मिळाली. त्यांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांनी विनोदाची ती वाट पुढे नेली. त्यांचे ‘फाल्गुनराव’ हे गद्य नाटक मूळ मोलियरच्या १६६० मधील फ्रेंच प्रहसनाचे. ते आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावाटे मराठीत आले. उतारवयात देवलांनी त्याला गाण्यांचा साज चढविला आणि त्याचे ‘संशयकल्लोळ’ झाले. १९१६ च्या जूनमध्ये देवल वारले, आणि त्याच वर्षी पुढे गंधर्व नाटक मंडळीने ते रंगमंचावर आणले. लोक पोट धरून हसले, ते ऐकण्यास लेखक नव्हता. पॅरिसमधील संशयी नवरा लंडनमार्गे पुण्यास आला आणि फाल्गुनराव होऊन असा काही रुळला, की तो परदेशी आहे असे सांगितले तर आजही एखाद्यास खोटे वाटेल.

हे सर्व एका ओळीत मांडून पाहिले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. शाहजीपुढे तेलुगू यक्षगान होते, चिंतामणरावांपुढे कानडी भागवतांचा खेळ, अण्णासाहेबांपुढे उर्दू ‘इंद्रसभा’, देवलांपुढे फ्रेंच प्रहसनाचा इंग्रजी अवतार. मराठी संगीत नाटकाने जेव्हा जेव्हा नवे पाऊल टाकले, त्याच्या आदल्या संध्याकाळी कोणीतरी मराठी माणूस दुसऱ्याच्या मांडवात जाऊन बसलेला होता. तो तेथे परका होता. त्याला सगळे कळत होते असेही नाही. परंतु तो खाली मान घालून घरी परतला नाही. मी मात्र त्या रात्री मुलीने विनोद समजावून दिला म्हणून खट्टू होऊन परतलो होतो.

येथे कोणी आक्षेप घेईल की राजे आणि नाटककार यांची गोष्ट वेगळी. बदलीवरच्या कारकुनाने आपली तुलना त्यांच्याशी करू नये. आक्षेप मान्य आहे. शिवाय तंजावरचा धडा पुसून टाकता येत नाही: भाषा बोलणारी घरे कमी झाली की नाटक थांबते, आणि विनोद तर सर्वांत आधी मरतो, कारण त्याला अर्थ सांगणारा मध्यस्थ चालत नाही. कन्येने कानात सांगितलेल्या विनोदाला मी हसलो तो तिच्या समाधानासाठी. खरे हसू तेव्हा आले नाही. उद्या मराठी नाटकात मी तिच्या कानाशी लागून अर्थ सांगू लागलो, तर तीही माझ्या समाधानासाठीच हसेल. म्हणून मुलांना विनोद कळत नाहीत ही तक्रार खोटी नव्हती. तिच्यावरून आम्ही काढलेला निष्कर्ष मात्र उलटा होता. मुलांना विनोद कळत नाही तो नाटक नसल्यामुळे. भाषेतील गंभीर भाग पुस्तकातून शिकविता येतो. थट्टा घरात आणि रंगमंचावर ऐकूनच अंगी भिनते. घरातील आमचे बोलणे तर शाळा, डबा आणि अभ्यास यांपलीकडे क्वचितच जाते.

पुढच्या बैठकीत मी हे सारे सांगितले. व्याख्यान लांबले असावे, कारण एका वहिनींनी दोनदा घड्याळाकडे पाहिले. भाड्याचा प्रश्न होताच. त्यावर एकाने इमारतीची गच्ची सुचविली. माणसांचा प्रश्न निघाला तेव्हा मी अण्णासाहेबांचा दाखला दिला. पुण्यासारख्या शहरात, नाटकासाठी जीव टाकणारी मंडळी हाताशी असताना, ‘शाकुंतल’ चार अंकांनी आणि ‘सौभद्र’ तीन अंकांनी सुरू झाले. मग आम्ही ‘सौभद्रा’चा एकच प्रवेश केला तर त्यात लाज कसली? बलरामाने संन्याशाला घरात आणून सुभद्रेला त्याच्या सेवेस नेमावे, तेवढाच भाग घ्यावा असे ठरले. त्याच्या आधी कथा सांगण्यासाठी एक कट्टियक्कारन असावा आणि त्याने मराठी व तमिळ दोन्ही भाषांत बोलावे, म्हणजे शेजारच्या तमिळ कुटुंबांनाही बोलावता येईल, ही सूचना रावांची. ते काम माझ्या कन्येकडे आले आहे. तिने संहिता हातात घेताच विचारले की संन्याशाने फसविलेले सगळ्यांना कळते, मग बलरामालाच का कळत नाही? मी म्हटले, तेच तर नाटक आहे. ती क्षणभर थांबली आणि मग हसली, आणि मला काही समजावून सांगावे लागले नाही.

साक्या म्हणण्यासाठी राव येणार आहेत. त्यांना पदे देवनागरीत वाचण्यास थोडा वेळ लागतो, म्हणून त्यांनी ती आपल्या वहीत तमिळ लिपीत उतरवून घेतली आहेत. तालमी रविवारी सकाळी गच्चीवर होतात. परवाच्या तालमीला खालच्या मजल्यावरच्या आजीबाई येऊन बसल्या होत्या. त्यांना मराठीचा एक शब्द येत नाही. परंतु रावांनी साकी धरली तशी त्यांनी मांडीवर ताल धरला, आणि ती संपल्यावर ही कोणाच्या हरिकथेतली, असे तमिळमध्ये विचारले.